पॅनेलवरचं घड्याळ

लिफ्टचा मेस्त्री सहा मजले जिन्याने चढतो, यावर हॉस्पिटलचा वॉर्डबॉय रोज तोच विनोद करायचा. "काय मेस्त्री, स्वतःच्या धंद्यावर विश्वास उरला नाही वाटतं?" मेस्त्री रोज हसायचा. आज त्याला हसू आलं नाही. अकरा वाजता चौकशी अधिकारी इथे दाखल असलेल्या त्याच्या साडूचा जबाब घ्यायला येणार होते आणि सव्वादहा वाजून गेले होते. पँटच्या उजव्या खिशात वीतभर तांबड्या वायरचा तुकडा होता. सदतीस दिवस तो त्याच्यासोबत फिरत होता. पँट बदलली की वायरही नव्या पँटमध्ये जायची.

दरवाजा उघडा असला की लिफ्ट हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दुरुस्तीत कधीकधी ती उघड्या दारानिशी हलवून बघावी लागते. मग वरच्या मशीनच्या खोलीत, पॅनेलवर एक वायर जोडून मशीनला दार बंद असल्याचं भासवतात. काम झालं की वायर काढायची. विसरली तर एखाद्याचा जीव जातो. म्हणून मेस्त्री आणि त्याच्यासोबतच काम करणारा साडू, या दोघांनी अकरा वर्षांपूर्वी एक रीत पाडली होती. वायर लावली की मनगटावरचं घड्याळ काढून पॅनेलच्या खिळ्याला टांगायचं, आणि वायर निघेपर्यंत हातात घालायचं नाही, मग आभाळ का कोसळेना.

त्या दिवशी मेस्त्रीने वेळ बघायला घड्याळ खिळ्यावरून काढलं आणि सवयीने मनगटावर बांधलं. बस, एवढंच. घड्याळ हातात आहे म्हणजे वायर निघाली, असं त्याच्या डोक्याने परस्पर ठरवून टाकलं. तो चहाला गेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं आणि दारात वाकून दाराखालची पट्टी साफ करणाऱ्या साडूला घेऊन लिफ्ट उघड्या दारानिशी निघाली. साडू तोल जाऊन खालच्या खड्ड्यात पडला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आरडाओरडा ऐकून मेस्त्री धावला, पण आधी वायर काढायला पॅनेलकडे आणि मग खड्ड्याकडे. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

वायर सापडली नाही, म्हणजे साडूनेच दाराचं कुलूप बोटाने दाबून धरलं असणार, असं कंपनी म्हणत होती. साडू कुणालाही फक्त एवढंच सांगायचा, "जबाबाच्या दिवशी बोलेन." मेस्त्रीने विचारायची हिंमत केली नाही.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, सासर पक्कं ख्रिस्ती. साडू दर रविवारी देवळात पहिल्या बाकावर. मेस्त्री लग्नाला आणि मयताला जायचा, तेही शेवटच्या बाकावर, आणि साडूला चिडवून 'फादर' म्हणायचा. खड्ड्यात साडूचा चष्मा फुटला. तेव्हापासून तो रोज म्हणायचा, "मेस्त्री, बायबलची दोन पानं वाचून दाखवा." मेस्त्री आधी मशीनचं माहितीपत्रक वाचावं तसं वाचायचा. मग पुढे काय होतं याची त्याला ओढ लागली. सगळ्यांनी टाकलेल्या माणसांच्या पंगतीला जाऊन बसणारा तो येशू त्याला मनापासून आवडला. पण हे सगळं दुसऱ्यांसाठी आहे, खिशात वायर घेऊन फिरणाऱ्यांसाठी नाही, असंच त्याला वाटे.

आज साडूने पान आधीच काढून ठेवलं होतं. ज्याने आपल्या गुरूला ओळखतच नाही असं तीनदा सांगितलं, त्या शिष्याची गोष्ट होती. पुढे तोच गुरू पहाटे तळ्याकाठी विस्तव पेटवून मासे भाजतो आणि त्या शिष्याला न रागावता आधी खायला बोलावतो. तिथे मेस्त्रीने पुस्तक मिटलं. भिंतीवरच्या घड्याळात दहा पस्तीस झाले होते. त्याने वायर काढून चादरीवर ठेवली.

"ही माझी."

"ठाऊक आहे," साडू म्हणाला.

"केव्हापासून?"

"चहाला निघालात तेव्हा तुमच्या हातात घड्याळ होतं. म्हणून तर मी बिनघोर वाकलो."

मेस्त्रीने घड्याळाचा हात मागे घेतला. "मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. लिहून द्यायला दोनदा हिला कागद आणायला लावला. मग वाटलं, मी सांगितलं तर तुम्ही नुसते पकडले जाल. तुम्ही सांगितलंत तर सुटाल. रोज देवाकडे तेवढंच मागत होतो." त्याने चादरीवरची वायर बोटाने बाजूला सारली. "रोज मनापासून मागत होतो असंही नाही. काही दिवस तुमचं तोंड बघवत नव्हतं."

"आणि आज अकराला?"

"आज खरं सांगणार होतो. खोटं बोलायचं नाही मला."

"माझं लायसन्स जाईल. तुरुंगातही टाकतील."

"टाकतील कदाचित." साडूने उगाच धीर दिला नाही. "मी येईन भेटायला. एका पायावर तयार आहे."

मेस्त्रीला हसू फुटलं आणि हसता हसता तो ढसाढसा रडला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे वळवलं. डोळे पुसून मेस्त्रीने विचारलं, "फादर, ते मागायचं कसं असतं?" या वेळी त्यात चिडवणं नव्हतं.

"आहे ते सांगायचं."

मेस्त्रीने डोळे मिटले. त्याला एकही प्रार्थना येत नव्हती. तरी तो पुटपुटला, "देवा, वायर माझी होती. मी आधी पॅनेलकडे धावलो."

साडूला ही दुसरी गोष्ट ठाऊक नव्हती. त्याचा चेहरा आवळला. तो छताकडे बघत राहिला, इतका वेळ की मेस्त्रीला वाटलं, आता संपलं. मग चादरीवरून साडूचा हात सरकत आला आणि त्याने मेस्त्रीचं मनगट पकडलं.

"आमेन," तो म्हणाला.

बाहेर बुटांचा आवाज आला. चौकशी अधिकारी फाइल घेऊन आत शिरले आणि त्यांनी विचारलं, जबाब देणारे कोण? मेस्त्री उठून उभा राहिला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, साडूच्या उशाशी सलाइनच्या खांबाला टांगलं आणि अधिकाऱ्यांसमोरच्या स्टुलावर बसला.