तोंड उघडून वर आलेले मासे

नदी वाचवण्यासाठीची पत्रकं चिकटवायला मी मैद्याची खळ शिजवत होते. वास आला आणि ढवळणारा हात थांबला. मामाच्या डब्यातल्या भिजवलेल्या कणकेला असाच वास यायचा.

मी नऊ वर्षांची असेन. मे महिना, नदी आटून डबक्यांवर आलेली. ऊन चढलं की मासा खोल जातो, म्हणून मामा सकाळीच गळ टाकायचा. आमिषाला गांडुळं त्याच काठावरची हवीत, हा त्याचा हट्ट. त्या दिवशी त्याने तीन ठिकाणी खणलं. गांडूळ एकही नाही, नुसता काळा, घाण मारणारा चिखल.

"कणीक लावू," तो म्हणाला, पण गळ टाकेचना.

मासे मात्र तोंडं उघडून वर आले होते. मी खुशीत कणकेच्या गोळ्या फेकत सुटले. "मामा, बघ, किती भुकेलेत!"

एकाही माशाने गोळीला तोंड लावलं नाही.

"भूक नाही गं, गुदमरतायत ते," मामा म्हणाला. मग हळूच, "काल इथूनच नेलेला मासा तू किती खाल्लास?"

"दोन तुकडे. का?"

दिवसभर तो विचारत राहिला, "पोट दुखतंय का?" मला हसू यायचं.

मला काही झालं नाही. त्याचं श्रेय नदीत गटारं सोडणाऱ्यांनी घेऊ नये.

काल पुलावर एक काका मोबाईलवर शूटिंग करत होते. "नदी सुधारली बरं का! मासे वर दिसतायत."

पत्रक नंतर दिलं. आधी विचारलं, "काका, यातले घरी नाही ना नेले?"