टाकीतली जनावरं

धुळ्याला आमच्या लॅबमध्ये चहाला बसलं की किस्से निघतातच. कामच तसं आहे! चांगल्या जातीचं जनावर मेलं, की त्याच्या वृषणाचे किंवा बीजांडकोशाचे बारीक तुकडे आम्ही द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतो. आतल्या बीजपेशी जिवंत राहतात. पुढेमागे त्यांतून वासरू, करडू होईल या आशेवर. आता हे कुणाला समजावायला गेलं, की झालाच एक किस्सा!

*

एकदा जळगावहून शेळीच्या बीजांडकोशाचे तुकडे नायट्रोजनच्या कॅनमध्ये घेऊन येत होतो. पारोळ्याजवळ नाकाबंदी. हवालदारानं कॅन उघडायला लावला. भस्सकन पांढरा धूर! तो दोन पावलं मागे.

"काय आहे यात?"

"शेळ्या," आमचे सर म्हणाले. सर मुळातच कमी बोलतात.

"कुठेयत?"

"अजून जन्मायच्यात!"

हवालदार पुन्हा पुढे आला, कॅनमध्ये डोकावला. मग हळूच झाकण लावून म्हणाला, "जा. पण खड्डे चुकवून न्या. लेकुरवाळं सामान आहे."

*

मला बघायला पाहुणे आले, तेव्हा आईनं सांगून टाकलं, "पोरगी गोठवण्याचं काम करते."

मुलाची आई एकदम खूश! "बरं झालं बाई, आमचा फ्रीज बर्फच धरत नाही!"

पुढच्या भेटीत देवपूरला त्यांच्या घरी गेले. फ्रीजचा प्लग सैल होता. नीट बसवला. लग्न जमलं! सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात, "आमची सून डॉक्टर आहे. फ्रीजची!"

*

एका उन्हाळ्यात नायट्रोजनची गाडी आलीच नाही. टाकीतली पातळी उतरत चाललेली. आतलं एकदा वितळलं, की संपलं. सर फोनवर फोन करत होते.

तेवढ्यात शिरपूरकडे गावोगाव कृत्रिम रेतनानं गाई भरवणारे रमेशभाऊ आले. मोटरसायकलला स्वतःचा भरलेला कॅन बांधून! त्यातला नायट्रोजन त्यांनी सरळ आमच्या टाकीत ओतला.

"भाऊ, मग तुमच्या कॅनमधलं वळूंचं बीज वाया जाईल ना?"

"मनाकडना बठ्ठा वळू जित्ता शेतस, मॅडम," ते अहिराणीत म्हणाले. "तुमनाकडना नही."

*

आणि साक्रीकडचे आबा. त्यांचा तरणाबांड खोंड, हौश्या, साप चावून गेला. त्याची आई, आजी, पणजी, सगळ्या आबांच्याच गोठ्यातल्या. आता दावणीला दुसरं जनावर नव्हतं. आम्ही तुकडे घेतले, तेव्हा आबा पाठ फिरवून उभे होते. सरांनी स्पष्ट सांगितलं, "आबा, वासरू होईलच असं नाही."

"पन जित्तं शे ना?"

"आहे."

आबा गेले. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी अचानक दारात उभे! त्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या कानात उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात.

"कोन्ती टाकी?" त्यांनी विचारलं. मी दाखवली.

आबांनी टोपी सारखी केली. खांद्यावर ठेवावा तसा टाकीवर हात ठेवला आणि वाकून झाकणाजवळ हळूच म्हणाले, "हौश्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मग झाकणाला कान लावून थोडा वेळ तसेच थांबले. मान डोलावली.

"बरं," म्हणाले, आणि एसटी गाठायला निघाले.