न पिकलेलं बोट

दवाखान्यातून मिळालेल्या माहितीपुस्तिकेला मी तपकिरी कागदाचं कव्हर घातलं होतं. सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेल्यावर हाताला दुसरं काही सुचत नाही. धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा त्याची अंबडची, कारखान्याजवळची खोली सोडायला लावून मी त्याला गंगापूर रोडला माझ्याकडे आणलं आणि ती पुस्तिका पेन्सिलीने खुणा करत तीनदा वाचली. आई-वडील गेल्यापासून आम्ही दोघंच होतो.

केमो दिल्यावर आठवडाभरात रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली जातात आणि मग हळूहळू पुन्हा वाढतात. मधले दहा-बारा दिवस काढायचे, एवढंच आमच्या हातात होतं. त्या दिवसांत अंगात शिरलेल्या जंतूशी लढायला कोणी नसतं. दोनदा ते दिवस आम्ही काढले. हे तिसरे होते, आणि पेशी तीनशेवर आल्या होत्या. धडधाकट माणसाच्या हजारांत असतात.

मी पाणी उकळून गार करत होते. देवाला फुलं वाहणं बंद केलं होतं. शेजारच्या काकू द्राक्षं घेऊन आल्या, तर मी त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

"कच्चं काही चालत नाही हो त्याला."

"अहो, घरच्या मळ्यातली आहेत. द्राक्षांना काय काटे असतात का?"

त्या रागावून गेल्या. आतून भाऊ म्हणाला, "ताई, आमच्या कंपनीच्या गेटवर तुझ्यासारखा वॉचमन असता ना, तर साहेबसुद्धा बाहेरच राहिला असता."

दुपारी त्याने पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढून काढली. बावीस वर्षं तो लेथवर होता. लेथवर लोखंड कापलं जाताना त्याचे तारेसारखे तुकडे उडतात, त्यांना ते लोक चिप म्हणतात. पेटीच्या तळाशी अशा चिपांचा थर साचलेला होता. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तेव्हा तो तर्जनी तोंडात धरून बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही गं. बोटात चिप गेली."

"दाखव."

"अगं, रोज जायच्या. आमचा हिशोब ठरलेला असतो. तिसऱ्या दिवशी बोट पिकतं, पुवाबरोबर चिप आपोआप बाहेर येते. पिकलं नाही, तर समजायचं आत काही राहिलं नाही."

मी डेटॉल लावलं. जुन्या पुस्तकांतली बारीक अक्षरं वाचायला ठेवलेलं भिंग काढलं आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्याच्या बोटावर धरलं. एक काळा ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा. भोवती लाली नाही, सूज नाही. दाबलं तरी फारसं दुखत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो हसला. "बघ, पिकलं नाही. पास!"

मलाही हायसं वाटलं. हे लिहायला मला फार दिवस लागले, पण वाटलं, हे खरं आहे.

चौथ्या दिवशी रक्त तपासायला गेलो. सुई टोचता टोचता सिस्टरने नेहमीचे प्रश्न विचारले. ताप? नाही. तोंडात फोड? नाही. कुठे लागलंय, खरचटलंय? भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही."

सहाव्या दिवशी सकाळी चहाची कपबशी त्याच्या हातात वाजायला लागली. हुडहुडी इतकी, की दोन चादरी घालून मी वरून त्याला धरून बसले, तरी पलंग हलत होता. अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. लगेच सलाईनमधून औषधं सुरू झाली. दुपारपर्यंत रक्तदाब खाली गेला. अतिदक्षता विभागात आत नेताना तो म्हणाला, "ताई, पेटी बंद करून ठेव. हत्यारं गंजतील." ते शेवटचं बोलणं. दोन दिवसांनी तो गेला.

तो आत असतानाच डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, कुठे काही लागलं होतं का? मी बोटाचं सांगितलं. पिकलं नव्हतं, हे दोनदा सांगितलं. त्या माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होत्या. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.

"पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच असतात बऱ्याचशा. लाली, सूज, ठणका, हे त्या कामाला लागल्याचं लक्षण. तुमच्या भावाकडे त्या पेशीच नव्हत्या. मग बोट पिकणार कसं?"

"म्हणजे तिथूनच शिरलं?"

"ते खात्रीने सांगता येत नाही. पुष्कळदा आपल्याच आतड्यातले जंतू रक्तात उतरतात. बोटाचं काही नसेलही."

नसेलही. मी त्यांना पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. त्या न चिडता तेच सांगत राहिल्या. दोष तुमचा, असं कोणी म्हणालं असतं तर मी तो घेऊन घरी गेले असते. तुमचा नाही, असं कोणी म्हणालं असतं तर कदाचित झोपले असते. पुस्तिकेत मी ताप, फळं, फुलं, गर्दी, सगळ्याखाली रेघा मारल्या होत्या. जखमेचंही एक वाक्य होतं: लहान असली तरी कळवा. त्याखालीही माझीच रेघ आहे.

चार महिन्यांनी मी पेटी उघडली. हत्यारं त्याच्या कंपनीतल्या एका मित्राला द्यायची होती. ती पुसून बाजूला ठेवली आणि तळाशी उरलेल्या चिपांवरून बोट फिरवलं. मुद्दाम फिरवलं का, ते मला सांगता येणार नाही. चिप शिरली.

दुसऱ्या दिवशी बोट लाल झालं. रात्रभर ठणकलं. तिसऱ्या दिवशी टोकाला पिवळा ठिपका धरला. त्याने सांगितलं होतं, अगदी तसंच. माझ्या अंगातून असंख्य पेशी तिकडे धावल्या असतील, लढल्या असतील, मेल्या असतील. नखाएवढ्या जागेसाठी, साठीच्या बाईसाठी, मी न मागता. दाबल्यावर पुवाबरोबर चिप कापसावर आली.

बोट दोन दिवसांत बरं झालं. कापूस कचऱ्यात टाकायला उठले, तो हातातच राहिला. अजून टाकलेला नाही.