काकीच्या कुणग्यातली फवारणी

आमच्या कुणग्याला लागूनच काकीचा कुणगा. कुणगा म्हणजे भाताचं खाचर; दोघांच्या मध्ये फक्त मातीची एक मेर, म्हणजे बांध. काकी ही माझ्या चुलत काकांची बायको. काका एका दुपारी उघड्या तोंडाने, वाऱ्याच्या समोर औषध मारून आले, अंगणात ओकले आणि इस्पितळात पोचायच्या आधीच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. काकीने ते कधी मानलं नाही. त्यानंतर तिच्या भाताला फवारणी झाली नाही.

त्या भाद्रपदात पाऊस धड पडेना, धड उघडेना. नुसती भुरभुर आणि सकाळी धुकं. मी कुडाळहून घरी आलो, तशी आई मला शेतावर घेऊन गेली. पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके होते, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. करपा. आमच्या भातात तो नुकता दिसू लागला होता. काकीच्या कुणग्यात मात्र शेंडेच्या शेंडे वाळले होते.

कृषी सहायक येऊन बघून गेले. "ही बुरशी वाऱ्याबरोबर पसरते," ते म्हणाले. "एकट्या तुमच्या खाचरात मारून भागणार नाही. लोंबी बाहेर पडायच्या आधी दोन्हीकडे बुरशीनाशक मारा. रोग लोंबीच्या मानेवर गेला, तर दाणा भरायचा नाही."

मी काकीकडे गेलो. ती पडवीत बसली होती.

"तुझ्या काकांका त्या पंपान नेल्यान," ती म्हणाली. "माझ्या कुणग्यात पंप येवचो नाय."

मी समजावायला लागलो, तशी ती उठून आत गेली. मला रागही आला. हिच्या भीतीपायी आमचं भात का जावं?

मग आई गेली. बऱ्याच वेळाने परत आली.

"काय सांगितलंस तिका?"

"मी काय एक सांगूक नाय. ती काकांचा सांगी होती, मी आयकी होतंय."

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. मी पंप पाठीला लावत होतो, तेवढ्यात काकी आमच्या अंगणात आली. हातात पाण्याची कळशी, साबणाची वडी आणि धुतलेला फडका.

"ह्यो तोंडाक बांध. हातमोजे घाल. वाऱ्याक पाठ कर," ती म्हणाली. "आणि मी मेरेर उभी रवतलंय."

दोन्ही कुणग्यांतली फवारणी होईपर्यंत ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला मेरेवर उभी होती. वारा फिरला की हात वर करायची, मी थांबायचो. पंप धुतलेलं पाणी तिने व्हाळाकडे, ओढ्याकडे जाऊ दिलं नाही. मग माझ्या हातावर पाणी ओतताना खाली बघत म्हणाली, "तेंच्या वांगडा कोण तरी असा उभा रवाक होया होता. मी घरात भाकऱ्यो भाजी होतंय."

मी हात चोळत राहिलो.

करपलेली पानं तशीच राहिली. ती काही हिरवी होत नाहीत. पण वर आलेलं पान स्वच्छ होतं आणि लोंब्या सरळ बाहेर पडल्या. कापणीला दिसलं, काकीच्या कुणग्याचा व्हाळाकडचा कोपरा पळिंजाचाच होता, नुसती पोकळ टरफलं. बाकीचं भात भरलं होतं. तिने कोपराही कापला, गुरांना होईल म्हणाली, आणि भारे बांधायला आईला हाक मारली.