कांदेवाल्या त्सिव्येची माफी

झाब्रोव्काच्या बाजारात त्सिव्ये कांदे विकायची आणि शिव्याशाप फुकट द्यायची. ज्यूंच्या यिद्दिश भाषेत शापाला क्लोले म्हणतात, आणि चांगल्या क्लोलेची सुरुवात आशीर्वादासारखी व्हावी लागते. "तुझ्या घरी रोज लग्न लागो," त्सिव्ये गोड आवाजात म्हणायची, "आणि एकाचंही बोलावणं तुला नसो!" गिऱ्हाईक खूश होऊन घरी जायचं. काही जण तर कांदे नको असतानाही यायचे.

तिचा खास माल मात्र शेजारच्या डोब्रिशसाठी राखलेला असे. डोब्रिश विधवा, खारवलेले हेरिंग मासे विकणारी. हेरिंग कांद्याशिवाय घशाखाली उतरत नाही, त्यामुळे दोघी तीस वर्षं खेटून बसल्या आणि तीस वर्षं भांडल्या.

योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासाआधी ज्याला दुखावलं त्याची माफी मागावीच लागते. त्या भानगडीत देवही पडत नाही. समोरचा नाही म्हणाला तर तीनदा मागायची. त्सिव्ये दर वर्षी जायची. डोब्रिश दोनदा हाकलून द्यायची, तिसऱ्यांदा नाक मुरडून माफ करायची. उपास सुटला की दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा बाजार डोक्यावर घ्यायच्या.

त्या वर्षी डोब्रिश तीन आठवडे अंथरुणाला खिळली होती. उपासाच्या आधी दुपारी त्सिव्ये तिच्या उशाशी जाऊन बसली.

"माफ कर, डोब्रिश."

"केलं," डोब्रिश म्हणाली. "सुखी राहा, त्सिव्ये. तुझी नातवंडं मोठी होवोत."

त्सिव्ये पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट बघत राहिली. ते आलंच नाही. ही बाई सगळी आवराआवर करून निघाली होती.

"शब्द मागे घे!" ती ओरडली. "पहिल्याच मागणीला माफी? मी काय दारावरची भिकारीण आहे? माझ्या कांद्याने झाकलं म्हणून तुझं हेरिंग खपलं, मेले! मांजर तरी तोंड लावतं का त्याला?"

डोब्रिशने डोळे मिटून घेतले. त्सिव्येच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण तोंड थांबेना.

"आणि तुझ्या नवऱ्याने आधी मला मागणी घातली होती!"

हे धादांत खोटं होतं. डोब्रिशने डोळे उघडले आणि कोपरावर रेटा देत ती उठून बसली.

"तुला सात सुना मिळोत, सातही सुगरण," ती धापा टाकत म्हणाली, "आणि डॉक्टर तुला जन्मभर पेजेवर ठेवो!"

"मग... माफी?" त्सिव्येने भीतभीत विचारलं.

"मुळीच नाही. पुढच्या वर्षी ये."