अब्बांना ऐकवायचा स्टेक

माझा थोरला भाऊ सौदीत, कुवेतच्या सरहद्दीजवळच्या अल खफजीला एका तेल कंपनीच्या मेसमध्ये बारा वर्षं आचारी होता. साहेबलोकांचे स्टेक भाजायचे, एवढंच त्याचं काम. मी दम्मामला एका ट्रेडिंग कंपनीत कारकून. मध्ये तीनेक तासांचा सरळ रस्ता. महिन्यातून एकदा दादा गुरुवारी माझ्या खोलीवर यायचा आणि शुक्रवारच्या नमाजनंतर परत जायचा. त्या दिवसभरात तो माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. "रोज विस्तवासमोरच उभा असतो मी. आज तू डाळभात लाव," म्हणायचा आणि पंख्याखाली आडवा व्हायचा. त्यामुळे बारा वर्षांत त्याच्या हातचा स्टेक मी कधी खाल्लाच नव्हता.

आमचे अब्बा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात. होडीवर तांडेल म्हणून उभा जन्म गेलेला, लिहिण्याचा कंटाळा. ते कॅसेट भरून पाठवायचे. सुट्टीवरून परतणारं गावचं कोणी ती घेऊन यायचं, आणि आम्ही दोघं ती दादाच्या पुढच्या फेरीपर्यंत न ऐकता ठेवायचो. कॅसेटमध्ये घरचं सगळं सांगून झालं की शेवटी अब्बांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "काय रे, ते गोरे तुला सोडत नाहीत, असं काय शिजवून घालतोस त्यांना?"

दादा हसायचा. "सांगून कळायचं नाही त्यांना."

एक्क्याण्णवच्या जानेवारीत कुवेतवरून लढाई सुरू झाली, त्या पहिल्याच सकाळी खफजीवर इराकचे तोफगोळे पडले. संध्याकाळी दादा माझ्या दारात उभा. अंगावर मेसचाच पांढरा कोट, हातात एक पिशवी, आणि पिशवीत कपड्यांऐवजी त्याचा बिडाचा तवा. "बस निघत होती. हाताला लागलं ते उचललं," एवढंच बोलला.

आमच्या इमारतीतली बायकापोरं आधीच गावी गेली होती. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्यांच्या फुल्या. खुंटीवर दोन गॅसमास्क. विमानतळ आमच्यासारख्यांना बंद. माझ्या ऑफिसात आम्ही दोघं-तिघंच जात होतो, तेही फोन उचलायला कोणीतरी हवं म्हणून. दादाला तर काहीच काम नव्हतं. तो रेडिओ लावून बसायचा आणि समोर ठेवलेला चहा गार करून टाकायचा. आठवडाभर मी ते पाहिलं. मग एका गुरुवारी म्हटलं, "दादा, अब्बांसाठी कॅसेट भरू. तू स्टेक कर आणि करता करता त्यांना सांग. विमानं सुरू झाली की पहिल्या जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवू."

दादाने उठून चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या खाटकाकडे गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. दादाने आत जाऊन स्वतः बोट ठेवलं. मोठ्या जनावराचं, पाठीच्या वरच्या अंगाचं, मध्ये चरबीच्या पांढऱ्या रेघा असलेलं. दोन बोटं जाडीचे दोन तुकडे कापून घेतले. घरी आल्यावर त्याने ते कागदाने टिपून कोरडे केले, आणि मी टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवून लाल बटण दाबलं.

"अस्सलाम अलैकुम अब्बा," दादा म्हणाला आणि माझ्याकडे बघू लागला. मी हाताने खुणावलं, बोल बोल. "तर अब्बा, मसाला काही नाही. ना हळद, ना मिरची, ना आलं-लसणाचं वाटण. तुम्ही म्हणाल, मग घालता काय? मीठ. जाडं मीठ, दोन्ही अंगांना. लावायचं आणि तासभर ठेवून द्यायचं. तुम्ही सुरमईला लावता तसंच. आधी पाणी सुटतं. घाई केली तर तव्यावर ते पाणीच उकळत बसतं. वाट बघितली की तेच पाणी मिठासकट पुन्हा आत मुरतं."

तासभर टेप बंद ठेवला. दादाने तेवढ्यात काळी मिरी भरड कुटली. मी कांदा चिरायला घेतला तर म्हणाला, "ठेव तो. कांद्याचं इथे काही काम नाही." कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज असा मोकळा लागला होता.

तवा धूर सोडेपर्यंत तापवला. थेंबभर तेल पुसलं. पहिला तुकडा पडला तसा असा चर्रकन आवाज झाला की मी दचकलोच. "हा आवाज ऐका अब्बा," दादा टेपकडे वाकून म्हणाला. "हा आवाज बारीक झाला तर समजायचं, तवा थंड पडला. आता हात लावायचा नाही. सारखं हलवलं की रंग येत नाही."

तेवढ्यात सायरन वाजला. दिवसाउजेडी तो क्वचितच वाजायचा. मी गॅस बंद केला, दोघांनी मास्क चढवले आणि आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. काही झालं नाही. धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर बाहेर आलो तर तुकडा तव्यावरच करपून वातड झालेला आणि टेप सुरूच होता. त्यावर तो सगळा सायरन उतरला होता.

"हे अब्बांना ऐकवायचं नाही," दादा म्हणाला. "ते झोपणार नाहीत."

आम्ही कॅसेट मागे फिरवली आणि पहिल्यापासून पुन्हा भरली. दादाने सलामापासून मिठापर्यंत सगळं जसंच्या तसं पुन्हा सांगितलं. मला हसू आवरेना, आणि माझं बघून त्यालाही. दुसरा तुकडा पलटताना त्याने लोण्याचा गोळा आणि ठेचलेली लसूण टाकली. ते फेसाळलेलं लोणी चमच्याने वरून ओतत राहिला. मग अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून दाखवत म्हणाला, "मांस दाबल्यावर अंगठ्याखालच्या या गादीसारखं मऊ लागतंय तोवर उतरवायचं. उतरवल्यावर लगेच कापायचं नाही, पाच-सात मिनिटं ठेवायचं. आणि आत लाल दिसलं तर तोंड फिरवू नका अब्बा, ते रक्त नसतं. हलाल झाल्यावर रक्त निघून गेलेलं असतं. ते मांसाचं पाणी."

त्या एका तुकड्याचे आम्ही दोन भाग केले. मी पहिला घास घेतला आणि लगेच दुसराही. दादाने टेप माझ्या तोंडाशी धरला. "सांग त्यांना."

"अब्बा," मी म्हटलं, "गोरे याला का सोडत नाहीत ते कळलं."

शनिवारी ऑफिसात फोन वाजला. मामा होते. लाईन इतकी खराब की त्यांना दोनदा ओरडून सांगावं लागलं. अब्बा गेले होते. मंगळवारी पहाटे नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला उठले आणि पडवीतच बसले, ते बसलेच. चार दिवस मामा फोन लावत होते. दफन मंगळवारीच उरकलं होतं.

मी दम्मामच्या मोकळ्या रस्त्यावरून चालत घरी आलो. दादा दारात उभा राहून माझा चेहरा वाचत होता. मी सांगितलं. तो भिंतीचा आधार घेत खाली बसला आणि बोटांवर वार मोजू लागला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. गुरुवारावर त्याचं बोट थांबलं.

"म्हणजे आपण हसत होतो तेव्हा..." तो म्हणाला.

आमच्याकडे मयताच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारपाजारचे जेवण आणतात. पण इथे शेजारी होतेच कुठे? गावाकडचे जे कोणी ओळखीचे होते ते जुबैलला किंवा त्याहून लांब अडकलेले. मशिदीत इमामाला विनंती करून आम्ही सात-आठ अनोळखी माणसांबरोबर अब्बांची गायबाना नमाज, मयत समोर नसताना पढतात ती, पढलो. परत आलो तर वरच्या मजल्यावरचा मल्याळी गृहस्थ जिन्यात डबा घेऊन उभा. त्याची बायको इस्पितळात नर्स होती, म्हणून ते दोघं थांबले होते. "भैया, चावल और छाछ है. जितना हो सके, खा लो," म्हणाला. अब्बांची बातमी मीच त्याला जिन्यात सांगितली होती, पण आमची रीत कोणी सांगितली नव्हती. तीन दिवस दोन्ही वेळेला तो डबा आणत राहिला.

चौथ्या दिवशी दादा न सांगता खाटकाकडे गेला आणि तसाच तुकडा घेऊन आला. मीठ लावलं. थोडं थांबला, पुन्हा लावलं. आपण आधीच लावलंय याचं त्याला भान नव्हतं, आणि मला टोकायचा धीर झाला नाही. पानात आला तो स्टेक इतका खारट होता की घशाखाली उतरेना. बारा वर्षं ज्याच्या बोटांनी मिठाचा अंदाज कधी चुकवला नव्हता, तो मान खाली घालून एकेक घास चावत होता. मीही खात राहिलो. शेवटचा तुकडा तोंडात घालून तो म्हणाला, "खारट झालंय, होय ना?" आणि मग लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. बातमी आल्यापासून पहिल्यांदा.

लढाई संपली. विमानं सुरू झाल्यावर त्याने कफीलकडून, म्हणजे ज्याच्या जामिनावर तो तिथे होता त्या मालकाकडून, पासपोर्टवर कायमचा परतीचा शिक्का मारून घेतला. "आई एकटी आहे," एवढंच कारण सांगितलं. मी त्याला थांब म्हटलं नाही. कॅसेट तो बरोबर घेऊन गेला. आईने ती एकदाच ऐकली, हे मला पुढच्या वर्षी सुट्टीवर गेल्यावर तिच्याकडूनच कळलं. "मीठ लावून ठेवायचं, हे यांनीच शिकवलेलं होतं त्याला," ती म्हणाली. "सहा-सात वर्षांचा असेल. माशांच्या टोपलीशी बसायचा यांच्याजवळ." ऐकून झाल्यावर तिने कॅसेट कपाटात कपड्यांखाली ठेवली होती आणि पुन्हा कधी बाहेर काढली नव्हती.

दादा तेव्हा जेट्टीवरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला होता. त्या सुट्टीत एका सकाळी मी त्याला विचारलं, खफजीची मेस पुन्हा सुरू झाली आहे, बोलावलं तर जाशील का? तो बर्फाच्या लादीवर पोतं टाकत होता.

"तिथे नवा माणूस असेल आता," तो म्हणाला.

"तू गेलास तर तुलाच घेतील."

त्याने दोरी आवळली, लादी हातगाडीवर चढवली. "अब्बांची होडी विकायची म्हणतात मामा," तो म्हणाला. "सडली आहे ती तळाची एकच फळी. तू आहेस तोवर बदलून घेऊ दोघं." आणि गाडी ढकलत होड्यांच्या दिशेने चालू लागला. मीही मागून हात लावला.