लाइन किलेर

साठ-एकसष्टच्या सुमारास मी दारव्ह्याच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. माहेर यवतमाळचं, घरातले सगळे कचेरीत. बोलणं शुद्धच हवं, हा माझा हट्ट.

एकदा मुख्याध्यापक व्हरांड्यातून पुढे गेले आणि सातवीतली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "लाइन किलेर हाय." म्हणजे आता रान मोकळं. वर्ग हसला. मुलगी तांड्यावरची होती. तिचे वडील रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठाकठीक ठेवायचं काम करत. मी तिला तासभर उभं केलं आणि असलं रस्त्यावरचं बोलणं माझ्या वर्गात चालणार नाही, असंही सुनावलं.

त्याच शनिवारी घरी जायला स्टेशनवर गेले. आमच्या छोट्या गाडीचं इंजिन फुसफुसत उभं होतं, पण हलेना. अर्ध्या तासाने मी तणतणत ड्रायव्हरला जाब विचारला. काळे हात चिंधीला पुसत तो म्हणाला, "लाइन किलेरचा कागद नाही भेटला, बाई. समोरून गाडी येऊन राह्यली असन, तं तुमचं न् माह्यं काय होईन?"

मग स्टेशनमास्तरांनी कागद आणून दिला. तो नीट वाचून खिशात ठेवल्यावरच ड्रायव्हरने शिटी दिली. डब्यात बसले, पण माझी मलाच लाज वाटत होती. अख्ख्या गाडीचा जीव ज्या शब्दावर होता, त्यासाठी मी एका पोरीला उभं केलं होतं.

सोमवारी मी वर्गासमोर तिची माफी मागितली. ती लाजली. मग धीर करून म्हणाली, "बाई, असे लय शब्द हायेत. लिहून आणू?"

महिनाभर मुली स्टेशनवर आणि कापसाच्या जिनात विचारत फिरल्या. 'डोक्याचा नट ढिला' म्हणजे काय, ते जिनातल्या फिटरने खरा नट दाखवून समजावलं, हिरवा कंदील गार्डने हातात धरायला दिला. वही भरत गेली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही चाळून आठ्या घातल्या. ही शाळेची भाषा नव्हे, म्हणाले. नंतर मुलींचे निबंध पाहून मात्र खूश झाले. "छान. या वर्गाची गाडी रुळावर आहे."

तांड्यावरच्या त्या मुलीने हात वर केला. "साहेब, हे बी आमच्या वहीत हाय. चौथ्या पानावर."

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. साहेबांनी चौथं पान काढलं, दोनदा वाचलं आणि पोट धरून हसले. मग तिलाच उभं राहून सगळी वही वाचायला लावली. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, की असा भाषेचा अभ्यास आपण कुठे पाहिला नाही.

त्या हिवाळ्यात यवतमाळला शिक्षकांच्या मेळाव्यात तिने ती वही माइकसमोर वाचली, तिच्याच बोलीत, एकदाही न अडखळता. पहिल्या रांगेत तिची याडी, म्हणजे आई, आरशांची फेटिया, त्यांचा तो घेरदार घागरा, नेसून ताठ बसली होती. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी आधी याडीकडे पाहिलं. ती दोन्ही हात उंच करून वाजवत होती.